मिठाची जकात आणि माझे भिंग

मोडी कागद वाचताना डोळे दगा देऊ लागले, तेव्हा २०१९ च्या पावसाळ्यात मी भाच्याच्या मोबाइलवरून एक डिजिटल भिंग मागवले. किंमत ६४० रुपये, वाहतूक फुकट. महिन्याभराने भोरच्या पोस्टात पुडके आले. वरच्या चिठ्ठीवर ‘भेटवस्तू’ या चौकटीत खूण केलेली होती. चीनमध्ये माझे कोणी सोयरे नाहीत. मग ही भेट कोणाची, या कुतूहलातून मी सीमाशुल्काच्या वाटेला लागलो.

त्या काळी परदेशातून आलेल्या ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटीवर आपल्याकडे सीमाशुल्क नव्हते. आप्तांनी आप्तांना काही पाठवावे, यासाठी ती सवलत. परदेशी विक्रेत्यांनी तिच्यातून दुकान चालवले. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने पोस्ट-कुरिअरने येणाऱ्या शुल्कमुक्त भेटींची वाट बंद केली. अपवाद दोनच ठेवले, जीव वाचवणारी औषधे आणि राखी. (राखीबरोबर येणारी भेट मात्र नाही!) पुढे २९ जून २०२० रोजी ५९ चिनी अ‍ॅपांवर बंदी आली, तिला कारण सीमेवरचे होते, व्यापाराचे नव्हे; पण स्वस्त मालाची ती दुकानेही तिच्यात गेली.

पहिले भिंग फुटल्यावर दुसरे मागवले, ते रीतसर. या वेळी कुरिअरवाल्याने आधी आधार कार्ड मागितले, मग शुल्काचे बिल पाठवले. बिल पाहून मी चक्रावलो. दर वाचला होता, पण तो कशावर लागतो हे वाचले नव्हते.

हिशेब असा चालतो. समजा, वस्तू, तिचे भाडे आणि विमा मिळून १,००० रुपये झाले. होय, भाड्यावरही शुल्क लागते. मूळ शुल्क २० टक्के धरले तर २०० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे २० रुपये. झाले १,२२०. आता या सगळ्या रकमेवर एकात्मिक जीएसटी, १८ टक्के धरला तर २१९ रुपये ६० पैसे. एकूण १,४३९ रुपये ६० पैसे. वीस टक्के म्हणता म्हणता ४४ टक्के झाले, कारण कर करावरही बसतो. त्यावर कुरिअरचा कागदपत्रांचा आकार वेगळा, आणि वस्तू शंभराची असो की दहा हजारांची, तो फारसा बदलत नाही. म्हणून मार बसतो तो स्वस्त वस्तूलाच.

भोरमध्ये मोबाइल दुरुस्ती करणारा माझा भाचा हे न शिकता जाणतो. तो एकेक सुटा भाग परदेशातून मागवत नाही, पुण्याच्या तपकीर गल्लीत जातो. तिथला माल आणणारा घाऊक भावावर शुल्क भरतो आणि जहाजाचे भाडे हजारो नगांत वाटतो. मी भरतो किरकोळ भावावर आणि एकट्यासाठी उडालेल्या विमानाच्या भाड्यावर.

पण जकात बसवायची कशाला? तिजोरीसाठी, हे एक उत्तर. दुसरे उत्तर १६७१ च्या एका पत्रात आहे. शिवाजी महाराजांनी ते कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिले. बारदेश तेव्हा पोर्तुगीजांकडे. तिथले मीठ स्वस्त, म्हणून व्यापारी तिकडे वळत आणि संगमेश्वराकडचे स्वराज्यातले मीठ पडून राही. महाराजांची आज्ञा अशी, की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, इतकी की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावे. ही जकात वसुलीसाठी नव्हेच. ती पुरती यशस्वी झाली तर वसूल शून्य, कारण ते मीठ कोणी आणणारच नाही. तिजोरी भरणारी जकात बेताची हवी आणि धंदा राखणारी जबर. एकाच जकातीकडून दोन्ही मागणाऱ्याच्या हाती बहुधा एकही लागत नाही.

आजचे जवळचे उदाहरण खेळण्यांचे. २०२० च्या अर्थसंकल्पात त्यांच्यावरचे मूळ शुल्क २० वरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७०. हेतू मिठाच्या पत्रातलाच.

त्या पत्राचा आपण गौरव करतो, आणि तो योग्यच आहे. राजगडाखाली वाढलेल्या मला तर त्याचा अभिमानच आहे. तरी वाचताना मला मिठागरातला मजूर दिसतो तसा बाजारातून मीठ नेणारा माणूसही दिसतो. मजुराची चूल पेटती राहावी म्हणून या माणसाच्या चिमटीचे दाम वाढतात. ते वाढवावेत की नाही, यावर वाद होऊ शकतो; पण ती रक्कम परका व्यापारी भरतो, हे म्हणणे हिशेबाला धरून नाही. फार तर तो आपला नफा थोडा कमी करतो.

याची दुसरी बाजू २०२५ मध्ये आमच्या घरी आली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून सर्व देशांसाठी काढली. १०० डॉलरपर्यंतच्या भेटींना सूट होती, पण शुल्क कोणी, कसे गोळा करायचे हे ठरले नसल्याने विमान कंपन्या टपाल घेईनात आणि भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सले थांबवली. वेल्ह्याची माझी चुलतबहीण न्यू जर्सीतल्या लेकीला दरवर्षी फराळ पाठवते. १५ ऑक्टोबरला टपाल पुन्हा सुरू झाले आणि तिने त्याच आठवड्यात डबा दिला. चिठ्ठीवर ‘भेटवस्तू’ची खूण मीच केली, या वेळी खरी. शुल्क पडले नाही. चकल्या पोचल्या तेव्हा तुळशीचे लग्न होऊन गेले होते.