साठच्या पुढे गाडी अडखळते? आधी निदान विका, पार्ट नंतर



टू-व्हीलर गॅरेज टाकायचं मनात असेल, तर एका तक्रारीची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा. "गाडी सावकाश एकदम छान चालते हो, पण साठच्या पुढे गेली की अडखळते. कितीही पिळा, पुढं पळतच नाही." दहा-बारा वर्षं जुनी स्प्लेंडर असो, पल्सर असो की बुलेट, हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकली फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्याआधीच्या बहुतेक गाड्या कार्बोरेटरवर चालतात. त्यांची वॉरंटी कधीच संपली आहे, मालक शोरूमची पायरी चढत नाही. तो तुमच्याकडेच येणार.

पण याच तक्रारीवर नवं गॅरेज नाव घालवतं. समजा तुम्ही अंदाजाने प्लग बदलला. फरक नाही. मग कॉइल बदलली. तरी फरक नाही. मग कार्बोरेटर किट टाकलं. ग्राहकाचे दोन-अडीच हजार गेले आणि गाडी साठला तशीच अडखळते. पुढे दुसऱ्या कोणी टाकीच्या झाकणातलं भोक साफ केलं आणि गाडी पळायला लागली, तर तुमच्याबद्दल चौकात काय बोललं जाईल ते मी सांगायला नको.

दोष वेगातच का दिसतो?

वेगात इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, जास्त हवा लागते आणि ठिणगी अचूक वेळेला लागते. अर्धवट तुंबलेली पेट्रोलची वाट चाळीसच्या वेगाला पुरते, सत्तरला पुरत नाही. म्हणून स्टँडवर रेस करून "गाडी ओके आहे" म्हणू नका. ट्रायल रस्त्यावरच घ्या, हेल्मेट घालून, मोकळ्या रस्त्यावर.

पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारा

गाडी हळूहळू मरगळते, रिझर्व्हला येते तशी? मग संशय पेट्रोलवर. की खटका बंद-चालू केल्यासारखे अचानक झटके देते? मग संशय ठिणगीवर. हा पक्का पुरावा नव्हे, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

अडखळणं निघाल्याबरोबर सुरू होतं, की दहा-पंधरा किलोमीटरनंतर? टाकी भरलेली असताना फरक पडतो का? अलीकडे कोणी काय बदललं? इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय. तो वेगळा आजार आहे.

क्रम असा ठेवा: फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी

१. टाकीचं झाकण. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा झाकणाच्या बारीक भोकातून आत यावी लागते. ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरेनासं होतं. गाडी अडखळली की बाजूला घ्या, बंद करा, झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि नंतर काही किलोमीटर गाडी नीट पळाली, तर चोर सापडला.

२. पेट्रोलची धार. इंजिन थंड असताना कार्बोरेटरची नळी काढून पारदर्शक बाटलीत धरा. आसपास विडी-सिगारेट नको. कॉक मेनवर आणि मग रिझर्व्हवर ठेवून पाहा. धार मिनिटभर सलग राहिली पाहिजे. बारीक झाली तर कॉकची जाळी, फिल्टर किंवा दुमडलेली नळी तपासा. काही गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असतो; त्यात इंजिन बंद असताना धार येत नाही, तो दोष समजू नका.

३. कार्बोरेटरची वाटी. खालचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल काढा. तळाला पाणी किंवा गंज दिसतो का बघा. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली बसतात. पावसाळ्यात ही तपासणी चुकवू नका.

४. एअर फिल्टर. धुळीने भरलेला असेल तर इंजिनाला हवा कमी पडते. पण फिल्टर काढूनच गाडी पळवायचा सल्ला देऊ नका. मिश्रण बिघडतं आणि धूळ थेट इंजिनात जाते.

५. प्लगचा रंग. अडखळणाऱ्या वेगाला काही अंतर चालवा, क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी बाजूला थांबवा. सावकाश घरी आणून प्लग पाहिलात तर रंग फसवतो. प्लग निवल्यावर काढा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक.

६. कार्बोरेटर आतून. पाऊण ते पूर्ण पिळल्यावर पेट्रोल मुख्यतः मेन जेट ठरवतं. म्हणून आयडलिंग उत्तम आणि वेगात हाल, असं असेल तर मेन जेट उजेडात धरून पाहा. तारेने कोरू नका. भोक मोठं झालं की जेट वाया गेलं. पल्सर १५० सारख्या गाडीत रबरी डायफ्राम असतो. त्याला बारीक चीर पडली तरी स्लाइड पूर्ण उचलत नाही.

७. ठिणगी आणि टॅपेट. प्लगचा गॅप मॅन्युअलप्रमाणे आहे का, कॅप सैल आहे का, कॉइल तापल्यावर मार खाते का, टॅपेट थंड इंजिनावर बरोबर आहेत का. इथे दुकानातला खात्रीचा प्लग, कॅप आणि कॉइल तात्पुरती लावून ट्रायल घ्या. फरक पडला तरच नवा पार्ट विका.

एक नियम पक्का: एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेलही, पण कशाने सुधारली ते कळणार नाही. पुढच्या गाडीला तुम्ही पुन्हा शून्यावर.

मग बिल कशाचं करायचं?

खरी अडचण इथे आहे. आमच्याकडे दूध घालणाऱ्या एका ग्राहकाची गाडी आली होती. प्लग आणि कार्बोरेटर किट आधीच दुसरीकडे बदललेलं. दहा-बारा किलोमीटरनंतर गाडी मरगळायची. झाकण बंद ठेवून धार बाटलीत घेतली तर हळूहळू बारीक होत गेली. झाकण उघडताच पुन्हा भरून आली. भोकात गंज आणि धूळ साचली होती. ते साफ केलं, पार्ट एकही लागला नाही. बिल मात्र झालं: तपासणीचे २०० रुपये. ग्राहकाने घासाघीस केली नाही, कारण धार त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

पार्ट लागला नाही म्हणून पैसे मागायला नवीन माणूस लाजतो. म्हणून तो नकळत पार्ट विकायला लागतो. हीच सवय गॅरेज बुडवते. तुम्ही वेळ दिला, डोकं लावलं, ट्रायलला पेट्रोल जाळलं. त्याचा दर ठरवा आणि गाडी आत घेण्याआधी सांगा: "तपासणीचे इतके लागतील. दुरुस्ती इथेच केली तर ते मजुरीतून वजा करू." ज्याला पटणार नाही तो आधीच जाईल, तुमची दुपार वाचेल.

वरच्या सात पायऱ्या जॉब कार्डच्या मागे छापून घ्या. प्रत्येकीपुढे काय दिसलं ते लिहा, ग्राहकाला दाखवा, काढलेला जुना पार्ट त्याच्या हातात द्या. पोरगा कामाला ठेवलात तर त्याचं शिक्षणही याच कागदावर होईल. वर्षभराने ही कार्डं चाळा. तुमच्या भागातल्या गाड्या कशामुळे अडखळतात ते कळेल, आणि कुठले पार्ट स्टॉकला ठेवायचे तेही.

सुरुवात आजच करा. गॅरेज अजून नसेल तर घरची किंवा मित्राची जुनी गाडी घ्या आणि पहिल्या तीन पायऱ्या करून बघा. पान्यांचा मोठा सेट घेण्याआधी एक पारदर्शक बाटली आणि एक वही घ्या.