वाडा विकण्याआधी त्याचे खांब तपासा

लातूर-नांदेडकडच्या जुन्या वाड्यात छताचा भार मुळात भिंतींवर नसतो, लाकडी खांबांवर असतो. औशाच्या जुन्या गावठाणात एका वाड्याचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, उतरवताना हे उघड दिसलं.

ढेळज ओलांडली की चौक, भोवती सोपा, मागे माजघर. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठं ते खणांवरच सांगतात. तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, त्यावर कड्या, कड्यांवर किलचन, मग पाला आणि माती. सगळ्यात वर चिकट पांढरी माती. ती चोपून बसवली की पावसाचं पाणी खाली न उतरता पन्हळीतून बाहेर पडतं.

गडी माती पाट्यांनी खाली देत होते आणि एकाखाली एक थर निघत होते. दर मिरगाआधी गवत काढून नवी माती घालायची, जुनी मात्र तशीच ठेवायची, ही रीत. त्यामुळे माळवद फूट-दोन फूट जाड होतं आणि तेवढं ओझं डोक्यावर राहतं.

एका कोपऱ्यात भिंत ढासळून तिचं पोट उघडं पडलं होतं. दोन्ही अंगांना काळा दगड, मध्ये चिखल आणि गोटे. दोन्ही पदरांना बांधणारा लांब आडवा दगड कुठेच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती फाकल्या आणि झोपेतली हजारो माणसं दगड-मातीखाली गेली. पण जिथे लाकडी सांगाडा धड होता, तिथे भिंती पडूनही खांबांनी छत तोलून धरल्याची उदाहरणं आहेत.

इथल्या मिस्त्रीने त्याच धड्यावर काम धरलं होतं. माती अर्ध्या फुटावर आणायची. भिंतीतला एकेक दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात टोकं वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. खांबांचे बुंधे ठोकून बघायचे. पोकळ वाजला तेवढाच भाग बदलायचा.

किल्लारीनंतर दगड-मातीच्या घराची भीती बसली, ती खोटी नाही. मात्र दोष आडव्या दगडाच्या अभावाचा आणि साचलेल्या मातीचा होता. दोन्ही दुरुस्त होतात. तुमच्या गावातला वाडा सागवानाच्या भावाने विकण्याआधी जाणत्या मिस्त्रीला आणि अभियंत्याला एकदा दाखवा.