चालनयंत्रणा (स्पर्धेतील रोबो)

चालनयंत्रणा किंवा ड्राइव्हट्रेन म्हणजे रोबोला जमिनीवर चालवणारी व वळवणारी मोटर, गिअरबॉक्स, साखळी वा पट्टा आणि चाके यांची एकत्रित रचना होय. शालेय विद्यार्थ्यांच्या फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशन या स्पर्धेत नवख्या संघाचे यश बहुतांशी या एका भागावर अवलंबून असते. उचलण्याची किंवा फेकण्याची यंत्रणा बंद पडली तरी चालता रोबो सहकारी संघांच्या उपयोगी पडतो. जागेवर अडलेला रोबो मात्र केवळ अडथळा ठरतो. डीन केमेन यांनी १९८९ साली अमेरिकेत स्थापन केलेल्या 'फर्स्ट' या संस्थेतर्फे ही स्पर्धा १९९२ पासून भरवली जाते. बॅटरी व बंपर वगळून रोबोच्या वजनाची मर्यादा अनेक हंगामांत ५४ ते ५७ किलोग्रॅम राहिली आहे.

वळण्याचा प्रश्न

सर्वांत सोप्या रचनेत डावीकडची चाके एका गटात व उजवीकडची दुसऱ्या गटात फिरतात. दोन्ही गटांच्या वेगांतील फरकामुळे रोबो रणगाड्याप्रमाणे वळतो. चार कोपऱ्यांत चार पकडदार चाके बसवली की काम झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु वळताना ही चाके गालिच्यावर आडवी घासली जातात. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर डाव्या-उजव्या चाकांतील अंतरापेक्षा जास्त असेल, तर हे घर्षण वळवणाऱ्या बलावर मात करते आणि रोबो थरथरतो किंवा वळतच नाही.

यावरील रूढ उपाय म्हणजे सहा चाके बसवून मधली जोडी सुमारे ३ मिलिमीटर खाली ठेवणे. त्यामुळे रोबो एका वेळी चारच चाकांवर टेकतो व वळण्यापुरती त्याची लांबी जवळपास निम्मी होते. बदल्यात तो किंचित डुलतो. गुरुत्वमध्य उंच असल्यास हे डुलणे त्रासदायक ठरते.

गिअर गुणोत्तर

नवखे संघ बहुधा वेगाच्या मोहात फसतात. सिम या प्रचलित मोटरीचा बिनभार वेग मिनिटाला सुमारे ५,३०० फेरे असतो. १०.७१:१ गुणोत्तर आणि १५ सेंटिमीटर व्यासाचे चाक घेतल्यास सैद्धांतिक वेग सेकंदाला जवळपास ४ मीटर येतो. प्रत्यक्षात तो सुमारे एक पंचमांशाने कमी भरतो.

आता हा रोबो दुसऱ्या रोबोला ढकलत आहे असे समजू. बॅटरी व बंपरसह वजन ७० किलोग्रॅम आणि घर्षणांक १ धरला, तर चाके घसरू लागण्यापूर्वी सुमारे ७०० न्यूटन बल लागते. त्यासाठी चार मोटरींपैकी प्रत्येक मोटर ६५ ते ७० अँपिअर प्रवाह घेते. वेग दीडपट करण्यासाठी गुणोत्तर ७:१ च्या आसपास आणल्यास तेवढ्याच बलासाठी हा प्रवाह प्रत्येकी १०० अँपिअरवर जातो, म्हणजे एकूण ४०० अँपिअर. १२ व्होल्टच्या लहान शिसे-आम्ल बॅटरीला हा भार पेलत नाही. दाब सुमारे ७ व्होल्टखाली गेला की नियंत्रक मोटरींचा पुरवठा आपोआप तोडतो आणि ऐन झटापटीत रोबो थबकतो. म्हणून विजेची व्यवस्था कोलमडण्याआधी चाके घसरतील असेच गुणोत्तर निवडणे इष्ट.

अन्य प्रकार

मेकॅनम चाकांच्या कडेला तिरपे रोलर असल्याने रोबो आडवाही सरकू शकतो, परंतु त्याला बाजूने ढकलणेही सोपे होते. स्वर्व्ह रचनेत प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळते. अनुभवी संघांत ती लोकप्रिय आहे, मात्र तिला सामान्यतः आठ मोटरी, बराच खर्च आणि काटेकोर प्रोग्रॅमिंग लागते. पहिल्याच वर्षी तिच्यामागे लागलेल्या संघाला सरावासाठी वेळ उरत नाही.

जोडणी

सहा चाकी रचनेत गिअरबॉक्स मधल्या चाकाच्या शाफ्टला थेट जोडतात आणि तेथून पुढच्या व मागच्या चाकांकडे स्वतंत्र साखळ्या वा पट्टे नेतात. सामना चालू असताना एखादी साखळी तुटली तरी त्या बाजूचे मधले चाक फिरत राहते आणि रोबो, अडखळत का होईना, मैदानात टिकून राहतो.