आज्ञावली लिहिणारे आले कुठून?

"सर, माझे बी.ए. मराठीत झाले आहे. दोन वर्षे एका दुकानात हिशेब लिहितो आहे. आता संगणकाची आज्ञावली लिहायला शिकावे म्हणतो. मला जमेल का?"

शाळा सोडून गेलेले विद्यार्थी भेटायला येतात तेव्हा असा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत कधी ना कधी निघतोच. विचारणारा कधी हिशेबनीस असतो, कधी परिचारिका, आणि कधी तर शेजारच्या खुर्चीवर बसणारे आपलेच सहकारी असतात. उत्तर देण्याआधी आपण बहुधा उलट विचारतो, "तुझे गणित कसे होते?" आणि उत्तर अडखळत आले की मान हलवून मोकळे होतो.

या लेखात आपण हा प्रश्न जरा मागे नेऊन पाहू. सुरुवातीच्या काळात ज्यांनी आज्ञावली म्हणजेच प्रोग्रॅम लिहिले, ते स्वतः काय शिकले होते? कोणते काम सोडून इकडे आले होते? आणि येताना बरोबर काय घेऊन आले होते?

'कॉम्प्युटर' नावाची नोकरी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'कॉम्प्युटर' हे यंत्राचे नाव नव्हते, ते माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. आकडेमोड करणारा तो कॉम्प्युटर. अमेरिकेच्या लष्कराला तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके हवी होती. एकेका मार्गाच्या आकडेमोडीत माणसाचे कित्येक तास जात. पुरुष युद्धावर गेलेले, म्हणून या कामावर तरुण मुलींना घेतले गेले.

हेच काम झटपट व्हावे म्हणून फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिअॅक हे सुमारे ३० टन वजनाचे यंत्र बांधण्यात आले. त्यात जवळजवळ १८,००० निर्वात नळ्या होत्या. यंत्राकडून काम करून घेण्यासाठी १९४५ मध्ये आकडेमोड करणाऱ्यांमधूनच सहा जणी निवडल्या गेल्या. त्या वेळी संगणकशास्त्राची पदवी कुठेच मिळत नव्हती आणि यंत्राची माहितीपुस्तिकाही नव्हती. सुरुवातीला तर या सहा जणींना यंत्राच्या खोलीत जायची परवानगीही नव्हती. जोडणीचे आराखडे पुढ्यात घेऊन, एकमेकींना विचारत, समजावत त्यांनी ते यंत्र जाणून घेतले. कोणती तार कुठून कुठे जोडायची आणि कोणती कळ किती फिरवायची, याची बारीक योजना म्हणजेच तेव्हाची आज्ञावली.

त्यांच्यातल्या जीन जेनिंग्ज मिसुरी राज्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या. शिक्षक तयार करणाऱ्या महाविद्यालयात त्या गणित शिकल्या होत्या. दुसऱ्या होत्या बेट्टी स्नायडर, पुढे बेट्टी होल्बर्टन या नावाने ओळखल्या गेलेल्या. विद्यापीठातल्या पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकांनी त्यांना सुनावले होते की, घरी बसून मुले सांभाळलीत तर बरे. बेट्टीबाईंनी गणित सोडले आणि वृत्तपत्रविद्येची पदवी घेतली.

फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिअॅक लोकांसमोर आला. त्या प्रात्यक्षिकासाठी तोफगोळ्याचा मार्ग काढणारी आज्ञावली बसवली होती ती याच जीन आणि बेट्टी यांनी.

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा

बेट्टीबाईंच्या पुढच्या कामाचा आपल्या रोजच्या कामाशी जवळचा संबंध आहे. तो प्रत्यक्ष करूनच पाहावा.

आठ उत्तरपत्रिका घ्या. त्यांचे हजेरी क्रमांक उलटसुलट असू द्या. आता त्या क्रमाने लावायच्या आहेत, पण एका अटीवर : एका वेळी फक्त दोनच उत्तरपत्रिकांचे क्रमांक ताडून पाहायचे. प्रत्येक तुलनेला फळ्यावर एक रेघ ओढा.

पहिली पद्धत आपल्या सवयीची. आठांतून सर्वांत लहान क्रमांक शोधून काढायचा; त्याला ७ तुलना लागतात. उरलेल्या सातांतला सर्वांत लहान शोधायला ६, मग ५, असे करत एकूण २८ रेघा होतात.

दुसरी पद्धत अशी. प्रथम दोन-दोनच्या चार जोड्या लावून घ्या. ४ तुलना झाल्या. मग दोन जोड्या शेजारी ठेवा, वरच्या दोन उत्तरपत्रिका पाहा, लहान क्रमांकाची उचलून बाजूला ठेवा, पुन्हा वरच्या दोन पाहा. चार उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा जास्तीत जास्त ३ तुलनांत लागतो. असे दोन गठ्ठे म्हणजे ६ तुलना. शेवटी हे दोन गठ्ठे याच रीतीने एकत्र करायला जास्तीत जास्त ७. एकूण १७.

आठांसाठी हा फरक लहान वाटेल. पण ६४ मुलांचा वर्ग घेतला तर पहिल्या पद्धतीने २,०१६ तुलना होतात आणि दुसऱ्या पद्धतीने जास्तीत जास्त ३२१. मुले वाढतील तसा हा फरक वाढतच जातो.

आता खरी परीक्षा. ही दुसरी पद्धत शिपाईकाकांना चिठ्ठीवर लिहून द्यायची आहे. ते चिठ्ठीत लिहिले आहे तेवढेच करणार, मनाने काही करणार नाहीत. लिहायला बसले की शंका निघू लागतात. एक गठ्ठा आधी संपला तर काय करायचे? दोन उत्तरपत्रिकांवर एकच क्रमांक असला तर? क्रमांक लिहायचाच राहिला असला तर? जोड्या लावताना एक सुटी उरली तर? प्रत्येक शंकेचे उत्तर चिठ्ठीत आले पाहिजे. ते आले की आपली चिठ्ठी आज्ञावलीच झाली. ती फक्त यंत्राच्या भाषेत मांडायची राहिली.

बेट्टीबाईंनी १९५१ च्या सुमारास युनिव्हॅक या संगणकासाठी याच्याही पुढचे पाऊल टाकले. माहिती कोणत्या स्वरूपात आहे आणि ती कशाच्या क्रमाने लावायची हे सांगितले, की ती क्रमाने लावणारी आज्ञावली आपोआप तयार करून देईल अशी आज्ञावली त्यांनी लिहिली. म्हणजे चिठ्ठ्या लिहून देणारी चिठ्ठी! हे काम वृत्तपत्रविद्येच्या पदवीधर बाईंचे.

एका गणित शिक्षिकेची वाट

व्हर्जिनिया राज्यात फार्मव्हिल नावाचे गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत डोरोथी व्हॉन गणित शिकवत. १९४३ मध्ये त्या हॅम्प्टन येथील लँगले प्रयोगशाळेत आकडेमोडीच्या नोकरीवर लागल्या. विमानांवरील संशोधनाची ही सरकारी संस्था. संरक्षण उद्योगात वर्णभेद करू नये असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश १९४१ मध्ये निघाला होता, म्हणून हे दार उघडले. पण पूर्ण उघडले नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांचा विभाग वेगळा, जेवणाचे टेबल वेगळे, स्वच्छतागृहही वेगळे. १९४९ मध्ये व्हॉनबाई या विभागाच्या प्रमुख झाल्या.

पुढे इलेक्ट्रॉनिक संगणक आले. जी आकडेमोड हाताने करायची तीच यंत्र करू लागले, म्हणजे ही नोकरी नाहीशी होणार हे उघड होते. १९५७ मध्ये फोरट्रान ही आज्ञावली लिहिण्याची भाषा आली. १९५८ मध्ये ती संस्था नासामध्ये विलीन झाली, वेगळा विभाग बंद झाला. व्हॉनबाई तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्या होत्या. त्यांनी फोरट्रान शिकून घेतली, सहकाऱ्यांनाही त्या वाटेला लावले, आणि स्काउट या अग्निबाणाच्या कामात भाग घेतला. १९७१ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

त्यांनी बरोबर काय आणले होते? वर्गात गणित शिकवताना रोज करावे लागणारे काम : मोठा प्रश्न लहान पायऱ्यांत मोडणे, चूक नेमक्या कोणत्या पायरीवर झाली ते शोधणे, आणि तीच गोष्ट दुसऱ्याला समजेल अशी मांडणे. आज्ञावली लिहिणाऱ्याचा बराचसा दिवस या तीन कामांतच जातो.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. ग्रेस हॉपर महाविद्यालयात गणित शिकवत होत्या. १९४३ मध्ये त्या नौदलात गेल्या, तिथून संगणकाकडे वळल्या आणि १९५२ मध्ये त्यांनी एक संकलक म्हणजे कम्पायलर लिहिला. नंतर, कचेरीतल्या लोकांना कळतील अशा शब्दांत आज्ञावली लिहिता आली पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला. १९८७ मध्ये पर्ल ही भाषा तयार करणारे लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेले होते. आपल्याकडे मुंबईत १९६९ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची धुरा सांभाळायला घेणारे फकीरचंद कोहली हे वीजनिर्मितीच्या क्षेत्रातून आलेले अभियंता होते. विद्यापीठांत या विषयाचे विभाग मागाहून निघाले. अमेरिकेतला पहिला विभाग १९६२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात सुरू झाला.

मग कुणालाही जमेल?

एवढ्यावरून "कुणीही यावे, सहज जमेल" असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. या बायकांची उमेदवारी कठीण होती आणि त्यांना रोज काम करायला खरे यंत्र व खरे प्रश्न मिळाले होते. युद्धामुळे माणसांची टंचाई झाली नसती तर यांतली बरीचशी दारे बंदच राहिली असती. आज परिस्थिती उलट आहे. पदवीधरांची रांग मोठी आहे आणि पदवी नसणाऱ्याला मुलाखतीपर्यंत पोचणेच अवघड जाते. शिवाय २०२२ च्या अखेरीपासून, साध्या भाषेत सांगितले की आज्ञावली लिहून देणारी साधने सर्वांच्या हाती आली आहेत. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे का, सुटी उरलेली उत्तरपत्रिका ते विसरले तर नाही ना, हे मात्र माणसालाच तपासावे लागते.

म्हणून त्या हिशेब लिहिणाऱ्या मुलाला काय सांगावे? आम्हाला असे वाटते :

पहिले, नोकरी लगेच सोडू नकोस आणि नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या वर्गाला लगेच पैसे भरू नकोस. भाषा शिकण्याचे साहित्य फुकट मिळते.

दुसरे, आधी तुझ्याच कामातला एखादा त्रासदायक प्रश्न निवड. उधारीची यादी, संपत आलेला माल, असे काहीही चालेल. तो सोडवण्याची चिठ्ठी प्रथम मराठीत लिही, सगळ्या शंकांसकट. मग ती आज्ञावलीत उतरव.

तिसरे, तीन-चार महिने रोज थोडा वेळ हे कर. आज्ञावली चुकते तेव्हा तुला वैताग येतो की चूक शोधायची खुमखुमी येते, याकडे लक्ष दे. तुला हे जमेल की नाही याचे उत्तर गुणपत्रिकेपेक्षा तिथे अधिक नीट मिळेल.

आणि मराठीचा विद्यार्थी म्हणून एका शब्दाने अर्थ कसा बदलतो हे तुला ठाऊक आहे, दुकानात राहून हिशेब कुठे चुकतो हेही ठाऊक आहे. हे भांडवल कमी समजू नकोस.

शिक्षक म्हणून आपल्यालाही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बेट्टी होल्बर्टन यांना एका शिक्षकाच्या एका वाक्याने गणितापासून दूर नेले होते. युद्ध झाले आणि त्या परत आल्या. आपल्या वर्गातून अशा वाक्यामुळे निघून गेलेल्या मुलांना परत बोलवायला दर वेळी असे काही घडत नाही. तेव्हा "मला जमेल का?" असे कुणी विचारले, तर गुण विचारण्याआधी आठ उत्तरपत्रिका आणि एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवून पाहावा.