खेळण्यातले पिस्तूल, खरा दमा

छंद माणसाचे मन ताजे ठेवतो, हे मी या सदरात अनेकदा लिहिले आहे. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी बागेत रमतो, कुणी जुनी घड्याळे दुरुस्त करतो. परंतु औषधाप्रमाणे छंदालाही पथ्य असते. ते पाळले नाही तर काय होते, हे एका पत्रामुळे मला पुन्हा आठवले.

पत्र होते आपल्याच जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकांचे. ‘डॉक्टरसाहेब, मुलगा जपानमध्ये नागोया शहरी नोकरीस आहे. वय सत्तावीस. विडी-सिगारेट नाही. तेथे त्याला खेळण्यातली पिस्तुले रंगविण्याचा नाद लागला आहे. सहा महिन्यांपासून रात्री खोकतो. त्याची आई म्हणते, थंडी बाधली. मला त्या रंगाची शंका येते. हा नाद सोडायला सांगू का?’

हा छंद आहे तरी काय?

आपल्याकडे दिवाळीत मुले टिकल्यांची पिस्तुले उडवतात. जपानमधला हा प्रकार निराळा आहे. त्याला एअरसॉफ्ट म्हणतात. खऱ्या पिस्तुलाची हुबेहूब प्रतिकृती असते आणि तिच्यातून सहा मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची गोळी स्प्रिंग, गॅस किंवा बॅटरीच्या जोरावर सुटते. जपानमध्ये सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगता येत नाही. त्यामुळे १९७० नंतरच्या दशकात तेथे या प्रतिकृतींचा शौक वाढला आणि पुढे तो जगभर पसरला.

कायद्याची गंमत पाहा. खऱ्यासारखे दिसणारे धातूचे पिस्तूल तेथे चालत नाही. १९७१ पासून अशा धातूच्या नमुन्याची नळी बंद आणि रंग पांढरा किंवा पिवळा असावा लागतो. म्हणून एअरसॉफ्ट पिस्तुलाचे अंग प्लास्टिकचे असते. मग हौशी मंडळी त्या प्लास्टिकला पोलादाचे रूप देण्यासाठी जिवाचे रान करतात. पिस्तूल सुटे करायचे, साच्याची शिवण पॉलिश पेपरने घासून काढायची, भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे, प्रायमर मारायचा, मग काळा रंग, त्यावर चंदेरी छटा. कडांवर जरा घासून ‘वर्षानुवर्षे वापरलेले’ असा देखावा आणायचा. मुठीला अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या. शेवटी वरून चकचकीत, टणक थर द्यायचा. एकेका पिस्तुलाला महिना-महिना लागतो. परक्या मुलखात एकट्या राहणाऱ्या मुलाचा वेळ त्यात छान जातो, हे मला समजले. म्हणून ‘नाद सोड’ असे मी लगेच लिहिले नाही. आधी त्या मुलाशी फोनवर बोललो.

खोकल्याचे कोडे

‘काका, खोकला रोज नसतो,’ तो म्हणाला. खोलून विचारले तेव्हा चित्र स्पष्ट होत गेले. तो शनिवारी दुपारी रंग मारी. शनिवारी रात्री दोन-तीन वाजता खोकल्याची उबळ येई, छाती आवळल्यासारखी वाटे, शिटीसारखा आवाज येई. मंगळवारपर्यंत सारे ओसरे. दहा दिवसांच्या रजेवर घरी आला तेव्हा एकदाही खोकला नाही. परत गेल्यावर पहिल्याच शनिवारी पुन्हा सुरू. खोली एकच, तीही लहान. थंडीमुळे खिडक्या बंद. जपानमध्ये वसंत ऋतूत देवदारासारख्या झाडांच्या परागकणांमुळे लाखो लोकांना सर्दी-शिंका होतात, त्यामुळे मित्रांनी त्याला तेच कारण सांगितले होते. परंतु परागकणांना शनिवार-मंगळवार कळत नाही!

मी म्हणालो, ‘शेवटच्या थराचा डबा हातात घे आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाच.’ तो दोन भागांचा युरेथेन रंग निघाला. एक रंग आणि एक हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट होते.

हे नाव आपण १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेत ऐकले. तेथे फुटला तो मिथिल आयसोसायनेट हा अतिविषारी वायू होता. रंगाच्या हार्डनरमधले रसायन ते नव्हे, त्याच कुळातले दुसरे आहे आणि त्याची करणीही वेगळी आहे. फवाऱ्यातून त्याचे सूक्ष्म थेंब श्वासावाटे फुप्फुसात जातात. आठवडे, कधी महिने काहीच होत नाही. मग काही जणांच्या शरीराला त्याचे वावडे निर्माण होते. एकदा ते झाले की अगदी अल्प मात्रेनेही दमा उसळू शकतो. त्रास बऱ्याचदा लगेच न होता चार-आठ तासांनी होतो. म्हणूनच दुपारचा रंग आणि रात्रीचा खोकला यांची सांगड माणसाला लागत नाही.

त्याला मी तीन गोष्टी सांगितल्या. हार्डनरचा रंग आजपासून बंद. खोकल्याची आणि रंगकामाची तारीख-वेळ वहीत लिहायची. ती वही आणि डब्यावरचे लेबल घेऊन तेथल्या श्वसनविकारतज्ज्ञाकडे जायचे. नुसता ‘खोकला आहे’ म्हटले तर खोकल्याचे औषध मिळते. डबा दाखवला तर निदान मिळते. तसेच झाले. फुंकर मारण्याच्या तपासणीत दमा आढळला आणि इन्हेलर सुरू झाले. आता तो ब्रशने पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग लावतो. खोकला पुष्कळ कमी आहे, पण जिना भरभर चढल्यावर अजून धाप लागते. असा दमा लवकर ओळखला आणि संपर्क तोडला तर बरे होण्याची शक्यता अधिक असते. उशीर झाल्यास तो कायमचा मागे लागू शकतो.

रुमाल बांधून भागत नाही

‘मी मास्क लावत होतो’, असे तो म्हणाला. तो कागदी मास्क होता. कापडी किंवा कागदी मास्क थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाचे फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. आयसोसायनेटच्या बाबतीत तर वास येण्याआधीच हवेतले प्रमाण धोकादायक झालेले असू शकते. म्हणून कारखान्यांतले रंगारी बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारे साधन वापरतात. ते घरी शक्य नाही. तेव्हा हा रंग घरात फवारूच नये, हेच उत्तम. जपानमध्ये अशा द्रावकांपासून कामगारांच्या बचावासाठी १९७२ पासून नियम आहेत. पण ते कामाच्या जागेसाठी. घरातल्या टेबलावर कुणी निरीक्षक येत नाही. तेथे आपणच आपले निरीक्षक.

थिनरमधल्या टोल्युइनसारख्या द्रावकांनी डोके दुखते, गरगरते, मळमळते. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. खोलीत हीटर, शेगडी किंवा देव्हाऱ्यातले निरांजन पेटलेले असेल तर भडका उडू शकतो. प्लास्टिक घासताना पॉलिश पेपर ओला ठेवावा, म्हणजे धूळ उडत नाही. लाकडाची धूळही साधी समजू नका. वर्षानुवर्षे तिच्यात काम करणाऱ्यांना नाकाच्या कर्करोगाचा धोका असतो.

बाटलीतले विष

काही हौशी लोक प्रतिकृतीचे धातूचे भाग काळेनिळे करण्यासाठी खऱ्या बंदुकीचे ‘ब्लूइंग’ द्रावण वापरतात. यातल्या अनेक द्रावणांत सेलेनियस आम्ल असते. लहान मुलाने चुकून एक घोट घेतला तरी तो जिवावर बेतू शकतो आणि त्यावर खास उतारा नाही. असे द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये, कुलपात ठेवावे. कुणी प्यालेच तर ओकारी काढण्याच्या फंदात न पडता बाटलीसह तत्काळ रुग्णालय गाठावे.

डोळे सांभाळा

पिस्तूल जोडून झाले की ते चालवून पाहण्याचा मोह होतो. जपानच्या कायद्याप्रमाणे सहा मिलिमीटरच्या गोळीची शक्ती ०.९८ ज्यूलच्या आत असावी लागते. ऐकायला किरकोळ वाटते, पण ०.२ ग्रॅमची गोळी या मर्यादेत सेकंदाला जवळजवळ शंभर मीटर वेगाने जाते. कातडीवर वळ उठेल, डोळ्याला मात्र मोठी इजा होईल. बुबुळासमोरच्या पोकळीत रक्त साचते, भिंग सरकते, पडदा फाटतो. पुढे मोतीबिंदू किंवा काचबिंदू होऊ शकतो. नुसता चष्मा पुरत नाही, डोळे पूर्ण झाकणारा गॉगल हवा. मॅगझिन काढल्यावरही नळीत एक गोळी उरू शकते, हे दुरुस्तीला बसताना कधीही विसरू नये. डोळ्याला मार लागलाच तर चोळू नये, दाबू नये; त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

हुबेहूबपणाचा धोका

प्रतिकृती जितकी खरी दिसेल तितका मालकाला आनंद. पण रस्त्यावर तीच गोष्ट घातक ठरते. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार अशा प्रतिकृतींच्या टोकाला नारिंगी खूण लागते. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलँड येथील बागेत तामिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा एअरसॉफ्ट पिस्तुलाशी खेळत होता. त्यावर ती खूण नव्हती. पोलिसाने त्याच्यावर गोळी झाडली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. म्हणून टोकाची खूण रंगाने झाकू नये, वस्तू उघड्यावर मिरवू नये, ने-आण बंद पेटीतच करावी. पुतण्यासाठी एक पिस्तूल आणावे का, असेही त्या गुरुजींनी विचारले होते. माझे उत्तर स्पष्ट होते, आणू नये. विमानात हातातल्या सामानातून अशी प्रतिकृती नेता येत नाही आणि लहान मुलाच्या हाती ती देणे तर सर्वथा अयोग्य.

आपल्या गावातही हाच रंग

वाचकहो, जपानमधल्या या मुलाची कथा आपल्याला काय कामाची, असे कुणी म्हणेल. आपल्या बसस्थानकामागच्या गॅरेजमध्ये जाऊन पाहा. लांबी भरून, घासून मोटारसायकलच्या टाकीवर चकाकी आणण्यासाठी दोन भागांचा तोच हार्डनरचा रंग फवारला जातो. फर्निचरला पीयू पॉलिश करणारेही तोच वापरतात. तेथे अठरा-वीस वर्षांची मुले नाकाला रुमाल बांधून, शटर अर्धे ओढून काम करतात. माझ्या दवाखान्यात ती ‘रात्री दम लागतो’ म्हणून येतात, पण काम काय करता हे आपणहून सांगत नाहीत. हौशी माणूस रंग बदलू शकतो. पोटासाठी रंगवणाऱ्याला ते सोपे नाही.

तेव्हा गॅरेजमालकांना माझी विनंती आहे. फवारणी उघड्या जागेत किंवा हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यासमोर करावी, मुलांना योग्य मास्क व हातमोजे घेऊन द्यावेत, आणि कुणी रात्री खोकू लागला तर त्याला फवारणीवरून काढून दुसरे काम द्यावे, कामावरून काढू नये. घरात कुणी असे काम करीत असेल तर त्याला एकच प्रश्न विचारा : सुटीच्या दिवशी खोकला कमी होतो का? उत्तर ‘हो’ आले तर रंगाच्या डब्याचे लेबल घेऊन डॉक्टरांकडे या.