उर्सुला ले ग्विन : वाङ्मयीन घडण आणि ग्रंथांची निवड

एखादा कादंबरीकार जेव्हा इतरांच्या ग्रंथांची शिफारस करतो, तेव्हा त्या शिफारशीत रसिकाची आवड असते, तसा कारागिराचा स्वार्थही असतो. अशा शिफारशींची नुसती यादी वाचून अभ्यासकाच्या हाती फारसे काही लागत नाही. लेखकाच्या घडणीशी ती ताडून पाहिली, म्हणजे मात्र ती एक प्रकारचा टीकाग्रंथ ठरते. अमेरिकन कादंबरीकार उर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) यांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८), 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) आणि 'द डिस्पझेस्ड' (१९७४) या कादंबऱ्यांनी त्यांना कीर्ती दिली. तथापि, अर्धशतकाच्या काळात त्यांनी लिहिलेली परीक्षणे, प्रस्तावना व व्याख्याने यांकडे आपल्याकडील विद्यापीठीय अभ्यासाचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे.

ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ होते. अमेरिकेत या शास्त्राचा पाया घालणाऱ्या फ्रान्झ बोआस यांचे ते शिष्य असून बर्कले येथील विद्यापीठात त्यांचे अध्यापन झाले. आई थिओडोरा क्रोबर यांनी याही जमातीतील अखेरचा पुरुष म्हणून ओळखल्या गेलेल्या इशी याचे चरित्र १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. इशी १९१६ मध्येच वारला होता. ले ग्विन यांनी त्याला पाहिले नव्हते. परंतु नापा खोऱ्यातील क्रोबरांच्या उन्हाळी घरी युरोक जमातीचे रॉबर्ट स्पॉट यांच्यासारखे पाहुणे येऊन राहत, हे त्यांनी बालपणी अनुभवले. आपल्या समाजाची रीत ही अनेक रीतींपैकी एक होय, हे तत्त्व त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही. पुढे रॅडक्लिफ व कोलंबिया येथे त्यांनी फ्रेंच आणि इटालियन प्रबोधनकालीन वाङ्मयाचा अभ्यास केला. भाषा आणि परकी जीवनरीत यांविषयीची ही दुहेरी आस्था त्यांच्या प्रत्येक शिफारशीमागे उभी आहे.

बाराव्या वर्षाच्या सुमारास लॉर्ड डन्सनी यांचे 'अ ड्रीमर्स टेल्स' हाती आले आणि मोठी माणसेही अजून दैवतकथा रचतात, हा शोध त्यांना लागला. मात्र १९७३ च्या 'फ्रॉम एल्फलँड टु पोकीप्सी' या निबंधात त्यांनी याच डन्सनींच्या अनुकरणापासून नवोदितांना सावध केले आहे. या निबंधातील एक प्रयोग वर्गात करून पाहण्याजोगा आहे. एका अद्भुत कादंबरीतील संवादात त्या केवळ चार शब्द बदलतात आणि तो उतारा वॉशिंग्टनमधील राजकारणावरील कादंबरीत सहज सामावून जातो. ज्या भाषेला आपला प्रदेश सोडून इतक्या निमूटपणे नांदता येते, ती भाषा अद्भुताची नव्हेच, असा त्यांचा निष्कर्ष. एडिसन, केनेथ मॉरिस व टोल्किन यांची नावे त्या शैलीचे आदर्श म्हणून घेतात; कथानकाचा तेथे प्रश्नच नाही. भरतापासून आपल्या रसचर्चेत अद्भुताला स्वतंत्र स्थान आहे. असे असूनही 'मुक्तामाला' (१८६१) आणि तिच्या वर्गातील कादंबऱ्यांना 'अद्भुतरम्य' म्हणताना मराठी समीक्षेने बहुधा उणेपणच सुचविले. त्या कृतींची भाषा या कसोटीवर घासून पाहिल्यास त्या निर्णयाचा फेरविचार करावा लागेल.

दुसरी कसोटी व्यक्तिरेखेची. व्हर्जिनिया वुल्फ यांनी आगगाडीच्या डब्यातील मिसेस ब्राऊन ही कादंबरीची खरी नायिका मानली होती. ती अवकाशयानात बसू शकेल काय, असा प्रश्न ले ग्विन यांनी १९७५ मध्ये लंडन येथील व्याख्यानात उपस्थित केला. झाम्यातिन यांच्या 'वी' मध्ये आणि फिलिप डिक यांनी रंगविलेल्या टागोमी या व्यापाऱ्यात ती त्यांना भेटली. डिक आणि ले ग्विन बर्कले येथील एकाच माध्यमिक शाळेतून एकाच वर्षी उत्तीर्ण झाले, पण त्यांची ओळख नव्हती. स्वस्त आवृत्त्यांतून खपणाऱ्या या लेखकाची बोर्हेसशी तुलना करण्याचे धाडस मात्र ले ग्विन यांनी १९७६ मध्येच केले.

इंग्रजीबाहेरच्या लेखकांसाठी त्यांनी केवळ शब्द खर्च केले नाहीत. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांनी अमेरिकन विज्ञानकथेवर कठोर टीका केल्यानंतर तेथील लेखकसंघाने त्यांचे सन्माननीय सदस्यत्व काढून घेतले. याच्या निषेधार्थ 'द डायरी ऑफ द रोझ' या कथेसाठी मिळणारे नेब्युला पारितोषिक ले ग्विन यांनी नाकारले. स्त्रुगात्स्की बंधूंच्या 'रोडसाइड पिकनिक'चे त्यांनी १९७७ मध्ये स्वागत केले आणि २०१२ च्या नव्या अनुवादाला प्रस्तावनाही दिली. आर्जेन्टिनाच्या आन्हेलिका गोरोदिशेर यांचे 'कल्पा इम्पेरियल' त्यांनी स्वतः इंग्रजीत आणले (२००३). सारामागु यांच्या 'ब्लाइंडनेस' पुढे त्या प्रथम थबकल्या. त्यातील क्रौर्य सोसण्यासाठी लेखकावर विश्वास बसणे आवश्यक वाटल्याने त्यांनी त्याची आधीची पुस्तके वाचली आणि मग त्या कादंबरीकडे परतल्या. शिफारस करणाराने असे वाचावे, ही अपेक्षा आज किती जण पुरी करतात?

इंग्रजीतील समकालीनांविषयी त्या अधिक परखड होत्या. २००९ मध्ये मार्गारेट ॲटवुड यांच्या 'द इयर ऑफ द फ्लड'चे परीक्षण करताना त्यांनी मूळ दुखण्यावरच बोट ठेवले. आज घडू शकणार नाही ते विज्ञानकथा, अशी ॲटवुड यांची व्याख्या असल्याने त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्या तीतून सुटत; ही व्याख्या प्रतिष्ठा राखण्यासाठीच बेतलेली दिसते, असे ले ग्विन यांनी सुचविले. त्या व्याख्येचा मान राखून कादंबरीला वास्तववादी म्हणून वाचावे लागल्याने टीकेची योग्य परिभाषा आपल्या हातून काढून घेतली गेली, अशीही त्यांची तक्रार होती. यातून वैर मात्र उद्भवले नाही. ॲटवुड यांनी २०११ मधील 'इन अदर वर्ल्ड्स' हा निबंधसंग्रह ले ग्विन यांनाच अर्पण केला.

त्याच वर्षी चायना मिएव्हिल यांच्या 'एम्बसीटाउन'चा त्यांनी केलेला गौरव त्यांच्या पूर्वसंस्कारांशी सरळ जुळतो. खोटे बोलणे ज्या भाषेत अशक्य आहे, अशा परग्रहवासीयांची ही कथा. मानववंशशास्त्रज्ञाच्या कन्येला ती रुचावी यात नवल नाही. कझुओ इशिगुरो यांच्या बाबतीत मात्र त्यांची घाई झाली. 'द बरीड जायंट' (२०१५) मधील राक्षस व पऱ्यांविषयी वाचकांच्या मनात पूर्वग्रह असेल काय, अशी शंका इशिगुरो यांनी बोलून दाखविताच ले ग्विन यांनी ती अद्भुतकथेची अवहेलना समजून तीव्र शब्दांत टीका केली. इशिगुरो यांनी आपण पऱ्यांच्याच बाजूचे असल्याचे स्पष्ट केल्यावर, आपण उतावीळपणे बोललो अशी जाहीर कबुली त्यांनी दिली.