तडा कोणत्या वाटेने जातो?

कापड फाडताना दुकानदार आधी काठाला कात्रीने छोटी खाच पाडतो आणि मग कापड टरकन फाडतो, हे तुम्ही पाहिले असेल. ताण खाचेच्या टोकाशी एकवटतो, म्हणून थोडा जोर पुरतो. धातूतील तड्याचेही असेच असते.

आता ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण मिसळले, तर काय होईल? हे कण ॲल्युमिनियमच्या सुमारे सहापट ताठर असतात. त्यामुळे तयार होणारे संमिश्र ताठर बनते, कमी झिजते. पण मूळ धातूपेक्षा ठिसूळही होते. असे का व्हावे?

तडा धातूच्या आत कसा सरकतो, हे प्रत्यक्ष पाहणे अवघड. म्हणून शास्त्रज्ञ संगणकाची मदत घेतात. नमुन्याची आकृती हजारो लहान त्रिकोणांत विभागतात. प्रत्येक त्रिकोणातील ताण संगणक काढतो. मग तडा किंचित पुढे सरकवून पुन्हा तेच गणित! अशी पावलापावलाने तड्याची वाट उमटते.

त्यातून काय दिसते? कण धातूला घट्ट चिकटलेला असेल, तर तडा त्याला वळसा घालू पाहतो. कण सुटलेला किंवा फुटलेला असेल, तर मात्र तडा त्याच्याकडेच ओढला जातो. असे कण दाटीने असले, की तड्याला आयताच रस्ता मिळतो.

म्हणजे कण नुसते कठीण असून भागत नाही. ते सारखे पसरलेले आणि पक्के जोडलेले हवेत. अर्थात, संगणकाचे उत्तर खरा नमुना मोडून पडताळावेच लागते.